घड्याळाला पावणं नसत्यात

कोल्हापुरात कुस्तीचा पंच व्हायचं तर दोन अटी आहेत. आपल्याला कुस्ती कळते असं आपल्याला वाटलं पाहिजे, ही पहिली. ती इथं जन्माला आलेलं प्रत्येक माणूस पाळण्यातच पुरी करतं. दुसरी अट अशी, की आपण कुणाचे कुणी लागत नाही हे बाकीच्यांना पटलं पाहिजे, आणि ती या जिल्ह्यात आजवर कुणाला पुरी करता आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. इथं थांब्यावर दोन अनोळखी माणसं बोलायला लागली की एस.टी. यायच्या आत त्यांचं नातं निघतं.

मी एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. खो-खो खेळून मोठी झाले, खो-खोवरच नोकरी लागली. कुस्ती बघितलेली, ती लहानपणी मलकापूरकडं जत्रेच्या मैदानात, वडिलांच्या खांद्यावर बसून. एवढ्या भांडवलावर मी शालेय कुस्तीची पंच कशी झाले ते आमच्या मुख्याध्यापकांना विचारावं. मुलींच्या कुस्त्या वाढल्या तसं वरून पत्र आलं की महिला पंच पाहिजेत. मुख्याध्यापकांनी माझं नाव देऊन टाकलं आणि मग मला बोलावून घेतलं.

मी म्हटलं, "सर, मला कुस्तीतलं काय कळतंय?"

"त्यात काय कळायचंय? तुमच्याकडं शिट्टी हाय न्हवं?"

"शिट्टी आहे, पण..."

"आणि बाई तर तुम्ही हायसाच. झालं की मग."

या दोन्ही पात्रता मिळवायला मला काही कष्ट पडले नव्हते. पण मला एखादी गोष्ट येत नसली की स्वतःचाच राग येतो, म्हणून शिबिराला जाण्याआधी नियमांचं पुस्तक आणलं. भाकरी थापताना ते ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचे आणि पाठ करायचे. शिबिरात गेल्यावर बघते तर पुस्तक आणलेली मी एकटीच. बाकीचे सगळे अनुभवी होते.

शेवटी परीक्षा झाली आणि सगळे पास झाले. एक गृहस्थ भाच्याच्या लग्नामुळं परीक्षेला येऊच शकले नव्हते. तेही पास झाले, कारण आले असते तर पास झालेच असते यावर वरिष्ठांचं एकमत होतं. मला तेव्हा हसू आलं होतं. पुढं कळलं, की एकमत या शब्दावर आमचा सगळा कारभार उभा आहे आणि त्याला हसायचं नसतं.

खरी निवड परीक्षेनंतर होते. स्पर्धेच्या आधी बैठक भरते आणि प्रत्येक पंचाची चौकशी होते. ती करायचे आमचे निरीक्षक. निवृत्त गृहस्थ, कडक इस्त्रीची पांढरी पँट, खिशाला दोन पेनं, आवाज असा की माईक लाजावा. पंच निवडायचे त्यांनीच आणि नंतर त्या पंचांना गुण द्यायचे तेही त्यांनीच, त्यामुळं निवड चुकल्याचं कधी आढळून आलं नाही. मनानं वाईट नव्हते. कुणाचंच वाईट व्हावं असं त्यांना वाटत नसे आणि सगळा घोळ त्यातूनच व्हायचा.

"पावणं कुठलं?", म्हणजे नातेवाईक कुठले, हा त्यांचा पहिला प्रश्न. मग तालीम कुठली, मामा कुठले, मेव्हणा कुठं कामाला, अशी सोयरीक जुळवायला बसल्यासारखी चौकशी चालायची. फरक एवढाच, की सोयरिकीत नातं निघालं की बरं वाटतं आणि इथं निघालं की तो तालुका बाद. पुरुष पंचाचं हे सोपं असतं, त्याला एकच गाव. माझी पाळी आली तेव्हा ते अडले.

"माहेर?"

"मलकापूर."

"म्हंजी शाहूवाडी तालुका गेला. सासर?"

"आजरा."

"आजरा बी गेला. शाळा शहरातली, म्हंजी शहर गेलं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, बायकांना घ्यायचं तर ही अडचण बगा. एका पंचामागं तीन ठिकाणं जात्यात."

मी म्हटलं, लग्न करताना हे लक्षात आलं नाही. कुणी हसलं नाही. मग त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. खोलीतल्या दोघातिघांनी एकमेकांकडं बघितलं आणि निरीक्षक एकदम मोकळे झाले. "मग तालमीचा काय संबंधच न्हाय की. बेस झालं." आणि माझ्या नावापुढं त्यांनी ठसठशीत अक्षरात 'तटस्थ' असं लिहिलं.

मलकापूरकडच्या आमच्या वस्तीतली माणसं पिढ्यान् पिढ्या मैदानाच्या कडेला उभी राहून कुस्ती बघत आली. त्यांना आत कुणी बोलावलं नाही, पंचाचा फेटा त्यांच्यातल्या कुणाच्या डोक्याला कधी लागला नाही. याला तटस्थता म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं.

वडिलांना मात्र ही बातमी सांगितली तेव्हा त्यांनी ती माझ्याकडून दोनदा वदवून घेतली. ते एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. सकाळी विहारासमोरच्या कट्ट्यावर बसतात. तिथं त्यांनी ही बातमी इतक्या वेळा सांगितली की ऐकणारे उठून जायला लागले. मग कुणीतरी त्यांना सांगितलं, की राज्य स्पर्धेला जी पंच मंडळी जातात त्यांना निळा कोट मिळतो, खिशावर बिल्ला असलेला. झालं. तेव्हापासून प्रत्येक फोनचा शेवट ठरलेला, "मग, कोट कवा?" मी चिडायचे. पण खरं सांगायचं तर मलाही तो कोट हवा होता. तो घालून एकदा त्या जत्रेच्या मैदानात कडेला नाही, मधे उभं राहावं असं मला फार वाटायचं.

कोट मिळायचा तर चांगले शेरे पाहिजेत, आणि माझे शेरे चांगले नव्हते. ते का नव्हते हे सांगायला आमचं काम थोडं समजावून सांगितलं पाहिजे. मॅटवरच्या कुस्तीला तीन पंच. एक कुस्तीबरोबर मॅटवर फिरतो, त्याच्या एका मनगटावर लाल पट्टी, दुसऱ्यावर निळी, कारण एक पोरगी लाल पोशाखात असते, दुसरी निळ्या. दुसरा कडेला खुर्चीवर आणि तिसरा टेबलामागं, तो मॅटचा प्रमुख. पोरीनं डाव केला की पहिला बोटं वर करून गुण दाखवतो आणि बाकीचे दोघं लाल नाही तर निळी पाटी उचलतात. तिघातल्या दोघांचं जुळलं की गुण फळ्यावर चढतात. पुस्तकात इतकं साधं आहे. म्हणून मी डाव झाला की हात वर करायचे. निरीक्षकांचा शेरा यायचा, 'घाई.'

पुढच्या स्पर्धेत पुन्हा तसंच. मी त्यांना जाऊन विचारलं, "सर, माझा एखादा निर्णय चुकला का?"

"छे छे. निर्णय बराबरच हुता."

"मग घाई कशी?"

"बाकीच्या दोघांच्या आधी हात वर गेला न्हवं तुमचा? आता समजा त्येंनी न्हाई उचलला, तर? तुम्ही एकट्याच पडता. पंच एकटा पडला की मतभेद दिसतो. मतभेद दिसला की तक्रार येते. तक्रार आली की मला लिहायला लागतं." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं अशा काळजीनं बघितलं, की जणू मी भरल्या रस्त्यात हात सोडून सायकल चालवत होते.

त्यांच्या गुणदानाचा हा गाभा होता. ज्या पंचाच्या कुस्तीला भांडण नाही तो चांगला पंच. निर्णय बरोबर की चूक हे कुणी मोजत नसे, कारण ते मोजायचं तर कुस्ती बघायला लागते. गडबड ऐकायला आली नाही की गुण द्यायचे. कामाची ही पद्धत मी इतर बऱ्याच खात्यांत बघितली आहे, पण तिथं निदान मॅट अंथरलेली नसते.

शेवटी आमच्यातल्या एका ज्येष्ठ पंचांना माझी दया आली. जिल्ह्यात त्यांच्याइतके चांगले शेरे कुणाचे नव्हते. चहा पिताना म्हणाले, "मॅडम, पंगतीत बसल्यावर पयला घास कोण घेतंय?"

"कोण?"

"कोणच न्हाय. सगळी एकमेकाकडं बगत बसत्यात. कुणाचा तरी हात हालला की मग सगळ्यांचं हात हालत्यात. आपलं तसंच करायचं. डाव झाला की आधी बाकीच्यांकडं बगायचं. मग पाटी. पण अशी उचलायची, की जणू आपलीच पयली हुती."

ही विद्या दिसते तितकी सोपी नाही. डोळे कुस्तीवर आहेत असं दाखवून कडेनं दुसऱ्याचा हात बघायचा असतो. पाटी मांडीवर ठेवून बोटं आधीच दोन्ही रंगांवर ठेवायची असतात. मी ती शिकले. सुट्टीत आजऱ्याला गेल्यावर नवऱ्यानं विचारलं चहा करू का, तरी मी आधी सासूबाईंच्या तोंडाकडं बघायला लागले. शाळेत खो-खोच्या पोरी तक्रार करायला लागल्या, की मॅडमची शिट्टी उशिरा वाजते. पण शेरा बदलला. आधी 'सुधारणा' आला, मग 'संयमी', मग 'उत्तम समन्वय'. वडिलांना मी 'समन्वय'चा अर्थ फोनवर समजावून सांगितला. ते म्हणाले, म्हणजे कोट आला जवळ.

आता त्या जिल्हा स्पर्धेची गोष्ट. आमच्या शाळेची एक पोरगी त्या वर्षी मुलींच्या अंतिम कुस्तीपर्यंत गेली होती. घरचा दुधाचा धंदा. पहाटे मामाबरोबर गाडीवरून दूध घालून यायची आणि मग तालमीत जायची. बोलायला कमी, पण अंगात विजेसारखी. या कुस्तीत जी जिंकेल ती राज्याला जाणार होती. समोरची पोरगी आजरा तालुक्यातली होती.

सकाळी पंचांची बैठक झाली. निरीक्षक म्हणाले, अंतिम कुस्तीला यंदा आपण आपले सगळ्यात चांगले शेरे असलेले तीन पंच लावू, म्हणजे गडबड व्हायला नको. ज्येष्ठ पंच मॅटप्रमुख झाले, आणि बाकीचे दोघं त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. माझ्या शाळेची पोरगी असल्यानं मला मॅटवर उभं करणं शक्य नव्हतं. "तुम्ही घड्याळावर बसा," ते म्हणाले. विजेच्या फळ्यावर गुण दिसत होते, पण वेळेचे आकडे सकाळपासूनच बंद पडले होते. म्हणून एक स्टॉपवॉच घेऊन टेबलाशी बसायचं आणि वेळ संपली की शिट्टी मारायची. मला शिट्टीसाठीच निवडलं होतं ते शेवटी खरं झालं.

एकानं शंका काढली, की समोरची आजऱ्याची आहे आणि मॅडमचं सासर आजरा.

निरीक्षक हसले. "घड्याळाला काय पावणं असत्यात व्हय? घड्याळाला पावणं नसत्यात."

सगळे हसले, मीही हसले. बाहेर पडताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, राज्याच्या यादीत यंदा तुमचं नाव टाकतोय. आज फकस्त शांत बसा." मला इतका आनंद झाला की मी वडिलांना फोन लावायला निघाले होते. पण कुस्ती होऊ दे, मग लावू, असं ठरवलं.

कुस्ती सुरू झाली तेव्हा हॉल गच्च भरला होता. आमच्या पोरीच्या पेठेतली माणसं हलगी घेऊन आली होती. शालेय स्पर्धेत हलगीला बंदी आहे, तसा फलकही लावला होता. हलगीवाला त्याच फलकाला टेकून वाजवत होता. आमची पोरगी लाल, आजऱ्याची निळी. आमची शेवटपर्यंत एका गुणानं पुढं होती. माझी नजर एकदा हातातल्या घड्याळावर, एकदा मॅटवर. वेळ संपत आली आणि आमची पोरगी मागं मागं सरकून वेळ काढायला लागली. मी मनात म्हणत होते, सरकू नको बाई, सरकू नको. तेवढ्यात निळीनं खाली वाकून तिचा पाय धरला, उचलला, तिला मॅटवर पाडलं आणि पाठीमागं जाऊन कंबर धरून ठेवली. स्वच्छ डाव. दोन गुण. घड्याळात वेळ होती.

मॅटवरच्या पंचानं बोटं वर करायला पाहिजे होती. त्यानं खुर्चीवरच्या पंचाकडं बघितलं. खुर्चीवरचा मॅटप्रमुखांकडं बघत होता. मॅटप्रमुख मॅटवरच्या पंचाकडं बघत होते. तिघंही अनुभवी, तिघांचीही पहिला घास घ्यायची सवय गेलेली. निळी पोरगी आमच्या पोरीला घट्ट धरून मान वर करून बघत होती, की कुणीतरी बोटं दाखवतंय का. माझ्या हातात वेळ संपली आणि मी शिट्टी मारली. हलगीच्या आवाजात ती मलाच नीट ऐकू आली नाही.

फळ्यावर आमची अजून एक गुण पुढंच होती. आमच्याकडं निकाल ऐकायला कुणी थांबत नाही. पोरीचा मामा उडी मारून मॅटवर आला आणि त्यानं तिला खांद्यावर घेतलं. कुणाच्या तरी खिशातून गुलाल निघाला. स्टेजवर आमचे मुख्याध्यापक उठून उभे राहिले आणि शेजारच्यांचे हात हातात घ्यायला लागले. आजऱ्याची माणसं ओरडत टेबलाकडं आली. निळी पोरगी मॅटवरच बसून राहिली.

मॅटप्रमुख काय करतात ते मी बघत होते. मला अजून वाटत होतं, की ते पाटी उचलतील. उशीर झाला तरी उचलता येते, पुस्तकात तशी सोय आहे. ते बाकीच्या दोघांकडं बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला आणि ते माझ्याकडं वळले.

"मॅडम, टायम संपल्यावर झालं न्हवं ते?"

काय सुंदर वाट काढली होती. डाव वेळेनंतर झाला म्हटलं की तिघांनी हात न उचलणं हीच अचूक पंचगिरी ठरत होती. निरीक्षक माझ्याच मागं येऊन उभे राहिले होते. ते मायेनं म्हणाले, "व्हय म्हणा की. तसंच हाय ते." स्टेजवरून मुख्याध्यापक मान हलवत होते. मी मान डोलावली असती तर माझी शाळा जिंकत होती, माझी पोरगी राज्याला जात होती, तिघांचे शेरे राहत होते, निरीक्षकांना काही लिहायला लागत नव्हतं आणि वडिलांना मी त्याच क्षणी फोन करू शकत होते. त्या हॉलमध्ये इतक्या माणसांचं भलं करायची संधी एका स्टॉपवॉचला कधी मिळाली नसेल. मी गप्प होते. मी पुन्हा एकदा त्या तिघांकडं बघितलं, की अजून तरी कुणी उचलतंय का.

मी काही फार मोठी तत्त्वाची बाई नाही. मला राग आला. तीन धडधाकट माणसं हात न उचलता थांबली होती, आणि जे सगळ्या हॉलनं बघितलं ते बघितलं म्हणायला त्यांना माझ्या घड्याळाची मान लागत होती. कितीतरी महिने मीही असंच थांबायला शिकत होते, त्याचा राग सगळ्यात जास्त आला.

"न्हाय," मी म्हटलं. "टायम हुता."

हे मी मलकापूरच्या बोलीत बोलले, ते नंतर माझ्या लक्षात आलं. पुढं जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी बोलले त्याच क्षणी तीन हात वर गेले. निळी पट्टी, निळी पाटी, निळी पाटी. एकदम, कवायतीसारखे. पहिला घास कुणीतरी घेतला होता. त्या तिघांचा एकमताचा इतका देखणा निर्णय त्या स्पर्धेत दुसरा झाला नाही, आणि निरीक्षकांनी त्याची नोंदही घेतली.

मामानं पोरीला खांद्यावरून खाली उतरवलं. उतरवताना तिचा पाय त्याच्या शर्टात अडकला आणि तो सोडवायला थोडा वेळ लागला. तिच्या केसांत गुलाल होता. पंचानं तशीच तिला हात धरून मॅटवर उभं केलं आणि दुसऱ्या पोरीचा हात वर केला.

नंतर शहरात जे बोललं गेलं त्यात मी काय बघितलं हे कुणी विचारलं नाही. घड्याळाला पावणं नसत्यात म्हणणाऱ्यांनीच घड्याळाचे पावणे शोधून काढले. मॅडमचं सासर आजरा. तरीच. आमच्या शिक्षकांच्या खोलीत 'सासरची ओढ' असा शब्द निघाला, तेव्हा तिथल्या लग्न झालेल्या बायका चहा सांडेपर्यंत हसल्या. सासरच्या ओढीनं एखादी बाई नोकरी पणाला लावते, हे त्यांना कुस्तीच्या निकालापेक्षा जास्त अद्भुत वाटलं. त्यातच सासूबाईंची पिशवी आली. त्या आजऱ्याच्या काजू कारखान्यात काम करतात आणि दर हंगामात माझ्या शाळेच्या पत्त्यावर काजू पाठवतात, कारण घरी दिवसा कुणी नसतं. शिपायानं ती पिशवी सगळ्यांसमोर माझ्या टेबलावर ठेवली. मुख्याध्यापकांनी पिशवीवरचं गाव मोठ्यानं वाचलं. मी ती तिथंच फोडली आणि सगळ्यांना वाटली. सगळ्यांनी पुरावा म्हणून मूठ मूठ घेतला.

सासूबाईंचाही फोन आला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या कुठल्या गोष्टीचं कौतुक केलं नव्हतं. "गावाचं नाव राखलंस बग," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मी कुणाचं काही राखलं नाही, वेळ होती म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "व्हय व्हय, तसंच सांगायचं."

राज्याच्या पंचांची यादी लागली तेव्हा त्यात तिघंही होते, मी नव्हते. निरीक्षकांच्या कागदावर माझ्या नावापुढं शेरा होता, 'तटस्थतेविषयी शंका'. मी निरीक्षकांना भेटायला गेले नाही. त्यांनीच एकदा रस्त्यात गाठलं आणि खरोखर वाईट वाटून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला शांत बसा म्हणलो हुतो की वो."

वडिलांना सांगायचं फार जड गेलं. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, तिघं कसे बसले, मी काय बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. "म्हंजी कोट गेला म्हण की," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "ती आजऱ्याची पोरगी आपल्यातल्या कुणाची हुती काय गं?"

मी फोन ठेवला आणि रडले. कोटासाठी रडले, असं तेव्हा मला वाटलं.

आमची पोरगी काही दिवस सरावाला आली नाही. मग यायला लागली, पण माझ्याशी बोलत नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते, म्हणून मी तिच्या वाटेला गेले नाही. मामा मात्र एकदा शाळेच्या फाटकाशी भेटला आणि माझ्याकडं न बघता दुधाची गाडी चालू करून गेला. मी स्वतःची समजूत घालत होते, की खरं बोललं की असं होणारच. सगळ्यांनी वाईट म्हटलं की आपण फार चांगलं वागलो असं वाटायला लागतं, आणि त्यात एक सुख असतं. ते सुख मी घेत होते.

एका संध्याकाळी सराव संपला. बाकीच्या पोरी गेल्या आणि ती मॅट गुंडाळायला मागं राहिली. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ती.

"मॅडम, एक बोलू? राग न्हाय न्हवं येणार?"

"बोल."

"मला म्हाईत हुतं. ती पाठीमागं गेली तवाच कळलं, कुस्ती गेली. मी पंचांचा हात बगत हुतो. कोणच उचलंना. मग मामानं मला उचललं." ती मॅटवरची धूळ हातानं झाडत होती. "वरनं मी तुमच्याकडं बगितलं. मला वाटलं, मॅडमच्या हातात घड्याळ हाय, त्या सांगतील. तुमीबी गप. मग मला खरंच वाटाय लागलं, की माझंच चुकलं आसंल, मी जिंकलो आसंन."

मी म्हटलं, "मी सांगितलं की गं शेवटी."

"व्हय. सांगितलासा." तिनं मॅटची कड उचलली. "लगीच सांगितला असतासा, तर मी नुस्तं हरलो असतो."

मग आम्ही दोघींनी मॅट गुंडाळली आणि भिंतीला टेकवून उभी केली.